डोंगरातला शिकारीचा गाईड नेमकं काय करतो? अलास्कातल्या डॉल मेंढ्याच्या निमित्ताने

अलास्कात बाहेरून आलेल्या माणसाने, खिशात कितीही पैसा असला तरी, एकट्याने डोंगरात जाऊन डॉल मेंढा मारायचा नाही असा कायदा आहे. अमेरिकेच्याच दुसऱ्या राज्यातला, समजा टेक्सासचा माणूस असेल, तर त्याला तीन प्राण्यांसाठी लायसन्स असलेला गाईड सोबत लागतोच: तपकिरी अस्वल (त्यातच ग्रिझली आलं), डॉल मेंढा आणि माउंटन गोट म्हणजे ती लांब केसांची पांढरी रानशेळी. सूट एकच, अगदी जवळचा नातेवाईक अलास्काचा रहिवासी असेल, १९ वर्षं पूर्ण झालेला असेल आणि तो स्वतः डोंगरात सोबत येणार असेल तर गाईडशिवाय चालतं. आणि भारतातून थेट कोणी गेला तर त्याला ही सूटपण नाही, त्याला साधा कॅरिबू म्हणजे तिथलं रेनडिअर मारायचं असेल तरी गाईड करावाच लागतो.

आता आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून शिकार बंद आहे, त्यामुळे आपल्या डोक्यात शिकार म्हटलं की एकतर जुने राजेसाहेब नाहीतर चोरटी शिकार, आणि त्या दोन्हीत बसणार नाही असा हा तिसराच प्रकार आहे, कायद्याने आखलेला, कागदपत्रांनी भरलेला, आणि त्याच्या मधोमध हा गाईड उभा. मी स्वतः शिकार करत नाही, करावीशीही वाटत नाही. पण हा माणूस काय काम करतो ते वाचत गेलो तसा त्याच्याबद्दल आदर वाढत गेला, कारण गोळी झाडणं हे त्याचं कामच नाही. गोळी क्लायंट झाडतो. गाईडचं खरं काम म्हणजे दहातल्या नऊ वेळा "हा नाही, थांब" असं सांगणं, आणि तेही अशा माणसाला ज्याने त्यासाठी २० हजार डॉलरच्या वर मोजलेत.

हे "नाही" कशावरून ठरतं ते आधी समजून घ्या, बाकी सगळा धंदा त्यावरच उभा आहे.

डॉल मेंढा हा पूर्ण पांढरा रानमेंढा. विल्यम डॉल नावाच्या निसर्गअभ्यासकावरून नाव पडलं. अलास्काच्या उत्तरेला ब्रूक्स रेंज, मधे अलास्का रेंज, शिवाय रँगल, चुगाच, टॉकीटना या सगळ्या डोंगररांगांमधे तो राहतो, झाडं संपतात त्याच्याही वर, कडे आणि दगडांची घसरण असते तिथे. नराची शिंगं आयुष्यभर वाढत राहतात, पण उन्हाळ्यात वाढतात आणि हिवाळ्यात थांबतात, त्यामुळे दरवर्षी शिंगावर एक कडं उमटतं, झाडाच्या खोडातली वलयं मोजतो तशी ही कडी मोजून वय सांगता येतं. शिंग वाढत वाढत बाजूने गोल वळतं, आणि साधारण ७-८ वर्षांचा झाला की बाजूने बघितल्यावर पूर्ण वर्तुळ होतं, ३६० अंश. यालाच तिथे फुल कर्ल म्हणतात.

राज्याच्या बहुतेक भागात नियम असा की तीनपैकी एक अट पूर्ण झाली तरच तो नर मारायला कायदेशीर: एका तरी शिंगाचं टोक पूर्ण वर्तुळ करून आलेलं पाहिजे, किंवा दोन्ही शिंगांची टोकं तुटलेली पाहिजेत, किंवा कडी मोजून वय ८ किंवा जास्त भरलं पाहिजे. यामागचा विचार असा की त्या वयाच्या नराने बरेच हंगाम काढलेले असतात आणि असेही त्याच्यापुढे फार हिवाळे उरलेले नसतात, आणि तरुण नर मागे राहिले की कळप चालू राहतो.

कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात तो मेंढा ३००-४०० मीटर लांब, धुक्यात, अर्धवट मान वळवून बसलेला. मान जरा खाली-वर असली तरी वर्तुळ पूर्ण दिसतं किंवा अपुरं दिसतं. कडी मोजायची तर पहिल्या वर्षाचं कडं बऱ्याचदा नीट दिसतच नाही कारण टोक झिजलेलं असतं, आणि मधेच कुठे आजारपण आलं किंवा खाण्याची टंचाई झाली तर खोटं कडंही उमटतं. त्यामुळे गाईड स्पॉटिंग स्कोप म्हणजे तिपाईवरची दुर्बीण लावून तासन् तास एकाच जनावराकडे बघत बसतो, ते उठेल कधी, मान सरळ करेल कधी, दुसऱ्या बाजूचं शिंग दिसेल कधी. आणि मागे क्लायंट असतो, थंडीने गारठलेला, सहा दिवसांनी पहिल्यांदा जवळून मेंढा दिसलेला, तो कानात कुजबुजत असतो की अरे बसतोय रे मापात, बसतोय. तेव्हा त्याला थांबवायला नुसती नजर असून भागत नाही, शिकवून न येणारा एक धीर लागतो असं मला वाटतं.

चूक झाली तर? मापात न बसणारा नर मारला की शिंगं जप्त, दंड, आणि नुसता क्लायंटच अडकत नाही, गाईडचं लायसन्सही धोक्यात येतं. अजून एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली ती म्हणजे क्लायंटने नियम मोडला आणि गाईडला ते माहीत असूनही त्याने सरकारला वेळेत कळवलं नाही तर तो गाईडचा वेगळा गुन्हा धरतात. म्हणजे ज्याच्याकडून पगार घेतो त्याच्याचविरुद्ध तक्रार द्यायची जबाबदारी कायद्याने त्याच्या गळ्यात घातलेली आहे. असा किती धंद्यांमधे नियम असतो सांगा.

आता डोंगरातले दिवस कसे जातात ते बघू. मेंढ्याचा हंगाम बहुतेक ठिकाणी १० ऑगस्ट ते २० सप्टेंबर. एवढ्याच दिवसांत सगळं. अलास्का म्हणजे महाराष्ट्राच्या साडेपाच पट मोठं राज्य आणि बहुतेक भागात रस्ताच नाही, त्यामुळे जायचं ते छोट्या विमानाने, पायपर सुपर कब नावाचं दोन सीटचं हलकं विमान, त्याला फुगीर मोठी टायरं लावलेली, जेणेकरून नदीकाठच्या गोट्यांवर किंवा डोंगराच्या सपाट धारेवर उतरता येतं. बरेच गाईड स्वतःच पायलट असतात. पण विमान आहे म्हणून वरून मेंढा शोधला, उतरलो आणि मारला असं चालत नाही. विमानातून उतरलेल्या दिवशी शिकारच करायची नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे ३ नंतर करायची असा नियम आहे, आणि हंगामात मेंढे शोधायला विमान वापरायलाही बंदी आहे, फक्त माणसं-सामान पोचवायला आणि परत आणायला वापरायचं. त्यामुळे शोधणं पायांनी आणि डोळ्यांनीच.

म्हणून गाईडचं ज्ञान हे खरं त्या जागेचं ज्ञान असतं. हंगामाच्या आधी तो तिथे जाऊन आलेला असतो, कुठल्या खोऱ्यात नरांचे कळप उन्हाळ्यात बसतात, कुठला ओढा दुपारनंतर बर्फ वितळून चढतो आणि ओलांडता येत नाही, कुठल्या खिंडीतून पलीकडे उतरता येतं, हे सगळं डोक्यात. वाऱ्याचं गणित तर रोजचं. सकाळी थंड हवा उतारावरून खाली वाहते आणि ऊन चढलं की तीच हवा वर जायला लागते. मेंढ्याची नजर भयानक तेज असते आणि तो उंचावर बसून धोका खालून येणार असं धरून खाली बघत असतो. मग वरून यायचं, बरोबर? पण सकाळीच वरून आलात तर तुमचा वास हवेबरोबर खाली जातो आणि कळप उठून पळतो. म्हणून लांबचा वळसा घालून, दिवस तापेपर्यंत डोंगरधारेच्या मागे थांबून, हवा फिरली की मग वरून सरकायचं. अशा एका वळशात आख्खा दिवस जातो, आणि शेवटी डोकावून बघितलं तर मेंढे कधीच निघून गेलेले, असंही होतं.

ऑगस्टमधे बर्फ पडतो. पाऊस तर असतोच. ढग उतरले की विमान येऊ शकत नाही, आणि मग ठरल्या दिवसानंतरही दोन दिवस, चार दिवस तंबूत बसून राहावं लागतं, उरलेलं खाणं मोजून वाटून. अस्वलांचा इलाखा असल्यामुळे मांस कुठे ठेवायचं, तंबू कुठे लावायचा याचा विचार रोज संध्याकाळी. क्लायंट बऱ्याचदा पन्नाशी-साठीचा, ऑफिसमधे आयुष्य गेलेला, घरी सहा महिने जिममधे तयारी केलेला, आणि तरी तिसऱ्या दिवशी त्याचे गुडघे बोलायला लागतात. त्याला कुठपर्यंत न्यायचं आणि कुठून मागे फिरवायचं हे गाईडने ठरवायचं. तिथे पाय मोडला तर मदत यायला हवामान किती वेळ लावेल याचा भरवसा नसतो, म्हणून अगदी खालच्या पायरीच्या गाईडलाही प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट सक्तीचं आहे. क्लायंटबरोबर असताना गाईडने स्वतःसाठी शिकार करायची नसते, त्याच्या खांद्यावरची रायफल मुख्यतः अस्वलासाठी.

समजा सगळं जुळून आलं आणि मेंढा पडला. बाहेरच्या लोकांना वाटतं काम संपलं, फोटो काढला, शिंगं घेतली, झालं. इथेच खरं मजुरीचं काम सुरू होतं. खाण्यालायक सगळं मांस डोंगरातून खाली आणणं कायद्याने बंधनकारक आहे, मागचे-पुढचे पाय, पाठ, मान, छाती, फासळ्यांमधलं सुद्धा. मांस टाकून नुसती शिंगं आणली तर १० हजार डॉलरपर्यंत दंड आणि एक वर्षापर्यंत तुरुंग होऊ शकतो. शिंगं मांसाच्या आधी हलवायची नाहीत, ती शेवटच्या ओझ्याबरोबर. मोठा नर १०० किलोच्या आसपास भरतो, हाडं काढून मांस ३० किलोच्या घरात, वर डोकं-शिंगं आणि कातडं, वर तंबू, स्लीपिंग बॅग, दुर्बिणी. ४० किलोच्या वर ओझं पाठीला लावून ओल्या दगडांच्या घसरणीवरून उतरायचं, अंधारात सुद्धा, कारण त्या जागेवर रक्ताच्या वासाने अस्वल येणार. मांस विकायलाही परवानगी नाही. क्लायंट घरी नेतो, नाहीतर जवळच्या गावात वाटलं जातं.

मग ३० दिवसांच्या आत शिंगं राज्याच्या फिश अँड गेम खात्याच्या ऑफिसात न्यायची. तिथे माप घेतात, कडी मोजून वय नोंदवतात आणि शिंगात भोक पाडून नंबर असलेली छोटी धातूची खूण बसवतात. म्हणजे डोंगरात दुर्बिणीतून घेतलेला निर्णय इथे टेबलावर तपासला जातो. वर्षानुवर्षांच्या या नोंदींवरून जीवशास्त्रज्ञांना कळतं की कुठल्या खोऱ्यातले नर कुठल्या वयाला मारले जातायत.

गाईड होतात कसे? सुरुवात बहुतेकांची ओझी वाहण्यापासून होते, पॅकर म्हणून. तिथली बरीच मुलं वडिलांबरोबर लहानपणापासून घरच्या मांसासाठी शिकारीला जाणारी, काही बाहेरच्या राज्यातून एका उन्हाळ्यासाठी आलेली आणि मग तिथलीच झालेली. १८ पूर्ण झाले, प्रथमोपचार झाला, कोणी रजिस्टर्ड गाईड लेखी शिफारस द्यायला तयार असेल तर असिस्टंट गाईडचं लायसन्स मिळू शकतं, त्याच्या वर क्लास-ए असिस्टंट. हे लोक स्वतः क्लायंटशी करार करू शकत नाहीत, मालकाच्या हाताखाली रोजावर काम करायचं, वर टिप मिळेल ती. रजिस्टर्ड गाईड व्हायला वय २१, राज्यात किमान पाच वर्षं स्वतः शिकार केलेली, तीन वर्षं असिस्टंट म्हणून काम, आणि ज्यांच्याबरोबर काम केलं त्या शिकाऱ्यांची शिफारसपत्रं. शिवाय परीक्षा, आणि तीही नुसती राज्याची नाही. अलास्काचे शिकारीसाठी २६ विभाग पाडलेत, ज्या विभागात काम करायचं त्याची वेगळी परीक्षा, तिथली नद्या-डोंगर, तिथले प्राणी, तिथले नियम. हा भाग मला फार पटला. त्याच्याही वर मास्टर गाईड, त्यासाठी मागच्या १५ पैकी १२ वर्षं रजिस्टर्ड गाईडचं लायसन्स असलं पाहिजे. म्हणजे विशीत सुरू केलेला माणूस या पायरीला पोचेपर्यंत चाळिशीकडे आलेला असतो.

या धंद्याचा इतिहास बघायचा तर हॅरी कार्स्टन्सचं आयुष्य बघा. शिकागोचा पोरगा, १८९७ मधे क्लोंडाइकच्या सोन्याच्या मागे उत्तरेला आला. सोनं राहिलं बाजूला, कुत्र्यांच्या गाडीवरून टपाल पोचवणं, सामान वाहणं असली कामं करत तो त्या मुलखात मुरला. १९०६ मधे चार्ल्स शेल्डन नावाचा पैसेवाला शिकारी-अभ्यासक डॉल मेंढ्यांचा अभ्यास करायला डेनाली पर्वताच्या पायथ्याशी आला, त्याने कार्स्टन्सला गाईड म्हणून घेतलं, आणि १९०७-०८ चा हिवाळा शेल्डनने टोकलाट नदीवरच्या लाकडी खोपटात काढला. शेल्डन मेंढे मारतही होता, नमुने म्हणून, आणि तासन् तास टिपणंही काढत होता. त्याच काळात बाजारासाठी शिकार करणारे लोक खाणकामगारांच्या वस्त्यांना आणि फेअरबँक्स गावाला मेंढ्याचं मांस गाड्या भरभरून पुरवत होते. हे असंच चाललं तर मेंढे उरणार नाहीत हे शेल्डनला तिथे दिसलं, आणि परत जाऊन त्याने कितीतरी वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा १९१७ मधे माउंट मॅकिन्ली नॅशनल पार्क झालं, आजचं डेनाली. कार्स्टन्सने मधल्या काळात १९१३ मधे हडसन स्टक, वॉल्टर हार्पर आणि रॉबर्ट टॅटम यांच्याबरोबर डेनालीचं शिखर पहिल्यांदा सर केलं, आणि १९२१ मधे तोच त्या पार्कचा पहिला अधीक्षक झाला. ज्या माणसाने शिकाऱ्याला मेंढ्यांपर्यंत नेलं त्याच्याच हातात मेंढ्यांची राखण आली. मला यात काही विरोधाभास वाटत नाही, त्या डोंगरात मेंढे कुठे असतात हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं?

आता जमिनीचा मामला, जो जरा किचकट आहे पण त्याशिवाय आजची भांडणं कळणार नाहीत. पूर्वी राज्य एकेका गाईडला एकेक इलाखा राखून द्यायचं, तिथे दुसऱ्या गाईडने धंदा करायचा नाही. १९८८ मधे अलास्काच्या सुप्रीम कोर्टाने ओवसिचेक खटल्यात हे रद्द केलं, कारण राज्यघटनेत म्हटलंय की निसर्गातले मासे, प्राणी, पाणी हे सगळ्या लोकांच्या सामायिक वापरासाठी राखलेले आहेत, मग एका गाईडला मक्तेदारी कशी देता? तत्त्व म्हणून योग्यच. पण झालं असं की राज्याच्या मालकीच्या जमिनीवर एकाच खोऱ्यात तीन-चार गाईड उतरायला लागले. पूर्वी ज्याचा इलाखा त्याला पुढच्या वर्षाची काळजी असायची, आज मी सोडलेला नर उद्या दुसरा मारणार अशी भीती आली की "नाही" म्हणणं महाग पडतं. आजही एका गाईडला जास्तीत जास्त तीन इलाख्यांत नोंदणी करता येते पण त्या इलाख्यात तो एकटा नसतो. केंद्र सरकारच्या वन्यजीव अभयारण्यांमधे मात्र स्पर्धेतून मोजक्याच गाईडना परमिट देतात, आणि बरेच गाईड म्हणतात की तिथलं वातावरण वेगळं असतं. माझंही मत तिकडेच झुकतं, ज्याला त्या जागी दहा वर्षं राहायचंय तोच तिथे हात आखडता घेईल.

पैशाचं थोडक्यात सांगतो. बाहेरच्या अमेरिकन माणसाला राज्याचं लायसन्स १६० डॉलर, मेंढ्याचा टॅग म्हणजे एक मेंढा मारायची परवानगी ८५० डॉलर, बाकीचे सगळे गाईडचे. त्या पैशात मेंढ्याची हमी नसते, दहा-बारा दिवस मिळतात, बस. त्यातून विमान, पेट्रोल, विमा, असिस्टंटचे पगार, परमिटं. हंगाम सहा आठवड्यांचा, मग मूस नावाचं मोठं हरीण, मग अस्वल, आणि हिवाळ्यात बरेच गाईड दुसरी कामं करतात, बांधकाम, फासे लावणं, विमान चालवणं, आणि शिकाऱ्यांच्या प्रदर्शनांत जाऊन पुढच्या वर्षांची बुकिंगं घेणं. लायसन्स-टॅगचे पैसे आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने वन्यजीवांसाठी राखलेला रायफली आणि काडतुसांवरचा कर, आज ११ टक्के, यातूनच राज्याच्या वन्यजीव खात्याचा मोठा खर्च निघतो, मेंढ्यांची विमानातून मोजणी सुद्धा.

आणि सध्या त्या मोजणीतून येणारी बातमी चांगली नाही. गेल्या दशकभरात बऱ्याच रांगांमधे मेंढे कमी झालेत. कारण शिकार नाही असं बहुतेक अभ्यासक सांगतात, कारण हिवाळा. २०१३ चा वसंत फार उशिरा आला. शिवाय हिवाळ्यात मधेच पाऊस पडायला लागला, तो पाऊस बर्फावर पडून गोठतो आणि काचेसारखं कवच धरतो, मेंढा खुराने नुसता भुसभुशीत बर्फ उकरून गवत खाऊ शकतो, कवच फोडणं त्याला जमत नाही. अशा वेळी आधी कोकरं जातात आणि म्हातारे नर जातात. मग स्थानिक शिकारी म्हणतात की बाहेरच्यांचा आणि गाईडांचा कोटा आधी कमी करा, आमच्या घरात मांस येतं ते यातूनच. गाईड म्हणतात की आम्ही फक्त पूर्ण वाढलेले नर मारतो, त्याने कळप घटत नाही, आणि आम्ही गेलो तर खात्याचे पैसेही जातील. मला दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं वाटतं, पण कळप लहान झालेला असताना स्थानिक माणसाचा हक्क आधी, हे मी लपवणार नाही. काही गाईडांनी स्वतःहून क्लायंट कमी घेतलेत, ते मला पटतं.

कोकरं मे अखेर, जूनच्या सुरुवातीला जन्मतात. या वर्षीचं नर कोकरू जगलं तर फुल कर्ल व्हायला त्याला साधारण ८ वर्षं लागणार. त्यामुळे उन्हाळ्यात पाहणीला गेलेला गाईड मोठ्या शिंगांच्या नरांइतकंच माद्यांच्या कळपाकडेही बघतो, किती माद्यांमागे किती कोकरं दिसली ते लिहून घेतो, आणि ज्या वर्षी कोकरं फार कमी दिसली त्याच्या पुढच्या सातव्या-आठव्या हंगामाची बुकिंगं घेताना ते पान उघडून मगच हो म्हणतो.